कोपऱ्यातले चित्र

सांगा, तहानलेल्या म्हाताऱ्याची हाक किती लांब जाते? एक जिना ती चढते का? चढत असेल, तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला ‘मला ऐकू आले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार केव्हा मिळतो?

उत्तराची घाई नको. आधी सत्यमने काय पाहिले ते ऐका.

सत्यम फुलंब्रीचा. रोज सकाळच्या एसटीने शहरात येणारा. औरंगपुऱ्यात त्याचे संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. बोलणे मोजके, काम चोख. वैशाखातल्या एकादशीला, बाराच्या सुमारास, त्याला सिडकोतून मंदारचा फोन आला.

“सत्यम, कॉम्प्युटर आणि टीव्हीचं कनेक्शन बिघडलंय. एकच चित्र अडकून बसलंय स्क्रीनवर. जातच नाही. लगेच ये यार.”

“उद्या सकाळी येतो भाऊ. आज उपास हाय, लवकर निघायचं होतं.”

“उद्या बाबांचा दहावा आहे.”

सत्यम खुर्चीतून उठून उभा राहिला. “सर गेले? कधी?”

“अक्षय्य तृतीयेला. उद्या पैठणहून परतल्यावर सगळे नातेवाईक इथं हॉलमध्ये बसणार. त्यांच्यासमोर ते चित्र नको मला.”

कोणते चित्र, ते मंदारने सांगितले नाही.

मंदारच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, फुलंब्रीच्या शाळेत तीस वर्षे शिकवले. सत्यम त्यांचाच विद्यार्थी. वर्गाच्या कोपऱ्यात सरांनी स्वतः आणून ठेवलेला माठ असे. शेतातून अनवाणी चालत आलेले पोर दारात दिसले की सर हातातले पुस्तक खाली ठेवत, आधी ओगराळ्याने पाणी देत, मग हजेरी घेत. एकदा वर्गप्रमुखाने तास चालू असताना कुणाला तरी पाणी नाकारले. त्या दिवशी सर शिकवायचे थांबले होते. म्हणाले होते, “पाणी मागणाऱ्याला वेळ विचारायची नाही. कारण विचारायचं नाही. उठायचं आणि द्यायचं.” सत्यम ते विसरला नव्हता.

होळीच्या आधी सर न्हाणीघरात पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ते तळमजल्यावरच्या खोलीत खाटेला खिळले. मंदार वरच्या मजल्यावर राही आणि घरूनच पुण्याच्या कंपनीचे काम करी. बापाकडे लक्ष राहावे म्हणून त्याने सत्यमकडूनच व्यवस्था करून घेतली होती. खालच्या खोलीत कॅमेरा, त्याची वायर जिन्याच्या कडेने वर हॉलमधल्या संगणकात, आणि संगणकाची वायर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत. मोठ्या पडद्यावर मंदारचे काम चाले. उजवीकडे खाली, वीतभर चौकटीत, सर दिसत.

जोडणी झाली तेव्हा सरांनी विचारले होते, “म्हणजे मी इथून बोललो की वर ऐकू जाईल?”

“व्हय सर. तुम्ही खोकललात तरी जाईल.”

“छान झालं. म्हणजे आता ओरडायला नको. या वयात ओरडणं बरं दिसत नाही.”

आणि वर मंदारने विचारले होते, “मीटिंग चालू असताना त्यांची बडबड आली तर?”

सत्यमने रिमोटवरचे एक बटण दाखवले होते. “हे दाबा. चित्र राहतंय, आवाज जातोय.”

विचारले, म्हणून सांगितले. त्यात पाप नव्हते. तरीही त्या एकादशीला रिक्षात बसल्यावर सत्यमला ते वाक्य आठवले.

सिडकोतली ती गल्ली उन्हाने पांढरी झाली होती. नळाला आठ दिवसांनी पाणी येणारा तो भाग. अंगणाअंगणात निळी पिंपे पालथी पडलेली. माणूस दिसत नव्हता. तळमजल्याच्या खोलीचे दार उघडे होते. खाट केव्हाच देऊन टाकली होती. खाटेच्या जागी जमिनीवर दक्षिणेकडे वात केलेला दिवा तेवत होता, आणि दिव्याशी सर गेल्याचे कळल्यावर गावाहून आलेल्या त्यांच्या थोरल्या भगिनी यमुनाबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ. कॅमेऱ्याच्या जागी भिंतीत आता फक्त दोन भोके होती.

सत्यमने दिव्यापुढे डोके टेकले.

“तू फुलंब्रीचा ना रे? दत्तूचा विद्यार्थी?”

“व्हय, आत्याबाई.”

“सुतक आहे. पाणी विचारता येत नाही तुला.” माळेचा मणी पुढे सरकला. “या घरात ज्याला विचारायचं, त्यालाही कुणी विचारलं नाही म्हणा.”

“काय झालं होतं सरांना?”

“दाखल्यावर हृदय बंद पडलं, असं लिहिलंय. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं.” त्यांनी जिन्याकडे हनुवटी उडवली. “जा वर. चिरंजीव वाट पाहतायत.”

सत्यम जिना चढला. तिसऱ्या चौथ्या पायरीवर त्याला वास आला. नव्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो, तो ओल्या मातीचा थंड वास. तहानलेल्या माणसाला तो वास सुखाचा वाटायला हवा. सत्यमच्या अंगावर काटा आला. वर माठ नव्हता. थंड बाटल्यांनी भरलेला फ्रिज होता.

हॉलचे पडदे ओढलेले होते. अंधारात टीव्हीचा तेवढा उजेड. आणि टीव्हीवर, कोपऱ्यात नव्हे, पडदाभर, खालची खोली.

“बघ,” मंदार म्हणाला. त्याची दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. “आठ दिवस झाले. काहीही लाव, हेच. कॅमेरा मी स्वतः काढलाय. मेमरीत अडकलंय काहीतरी. फालतू कटकट नुसती.”

सत्यमने पाहिले. खाट होती. खाटेवर चुरगळलेली चादर. शेजारी स्टुलावर मातीचा करा, त्याच्या तोंडावर आंबा आणि खरबूज. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाणी भरून ठेवतात, तो करा. त्याखाली जमिनीवर उपडा पडलेला तांब्या. भिंतीवर कॅलेंडर. वरच्या कोपऱ्यात घड्याळ.

“अडकलेलं न्हाई हे, भाऊ.”

“म्हणजे?”

“कॅलेंडरचं पान हलतंय.”

मंदारला ते ठाऊक होते.

दोष शोधण्याची सत्यमची रीत साधी होती. साखळीतली एकेक वस्तू बाजूला काढायची. शेवटी उरेल, ती दोषी. त्याने रिमोट मागितला.

“सेल काढून टाकलेत त्यातले,” मंदार म्हणाला.

“का?”

“असंच.”

सत्यमने टीव्हीच्या खालच्या कडेचे बटण चाचपले आणि स्रोत बदलला. पहिली जोडणी, दुसरी जोडणी, केबलचा डबा. तिन्हीकडे तीच खोली. त्याने संगणक बंद केला. खोली तशीच. संगणकाची वायर काढली. तशीच. पिशवीतून नवी वायर काढून आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला. लॅपटॉपवर स्वच्छ निळा पडदा, टीव्हीवर खोली. मग मंदारचा संगणक स्वतःच्या छोट्या मॉनिटरला जोडला. तिथे सगळे ठीक. म्हणजे संगणक निर्दोष. वायर निर्दोष. राहिला टीव्ही. त्याने टीव्ही कारखान्यातून आला तसा कोरा केला. पडदा क्षणभर काळा झाला. मंदारने श्वास सोडला.

मग अंधारातून आधी घड्याळ दिसू लागले. नंतर करा. नंतर खाट.

खाटेच्या कडेला आता एक हात होता.

म्हाताऱ्या माणसाचा, निळ्या शिरांचा. मधल्या बोटावर खडूने वर्षानुवर्षे घासून पडलेला घट्टा. सत्यमने तो हात ओळखला.

“हा… हा हात नव्हता,” मंदार पुटपुटला. “आठ दिवसांत कधी… नव्हता.”

चित्रातल्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटे झाली होती. सत्यमने भ्रमणध्वनी पाहिला. दोन वाजून पाच.

आणि तेव्हा त्याला पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली ती छोटी खूण दिसली. भोंगा, आणि त्यावर आडवी रेघ. आवाज बंद असल्याची खूण.

“आवाज कुणी बंद केला, भाऊ?”

“मीटिंग असेल तेव्हा.”

“आखितीला कंपनीला सुट्टी होती का न्हाई?”

मंदार खिडकीचे पडदे आणखी ओढू लागला.

“सुट्टी होती,” सत्यमच म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. फक्त कडक झाला. “मग कशापायी बंद केला?”

“तू टीव्ही दुरुस्त करायला आलायस की माझी चौकशी करायला?” मंदार उसळला. “तुला काय माहीत रे? दिवसभर काही ना काही चालूच असायचं. उशी सरकव, खिडकी लाव, पाणी दे. त्यांचं सगळं करणारी भामाबाई सणासाठी गावाला गेलेली. मी एक मालिका बघत होतो. वर्षभरात एक सुट्टी मिळते माणसाला. कानात हेडफोन घातले, टीव्हीचा आवाज बंद केला. कोपऱ्यात दिसत होतेच की ते मला. काही विशेष असतं तर दिसलं असतं.”

“काय दिसलं?”

“हात जोडत होते. ते नेहमीच…”

“किती वेळ?”

मंदारने तोंड फिरवले.

“किती वेळ, भाऊ?”

“दोन वीसपासून. चार… साडेचारपर्यंत. मग झोपले. मला वाटलं, झोपले.” आणि मग, सगळ्या दोषी माणसांना कधी ना कधी सापडते ते वाक्य त्याला सापडले. “आणि पाणी समोर होतं त्यांच्या! भरलेला करा होता हाताशी. भामाबाई सकाळीच भरून गेली होती. तांब्या संपला तर त्यातलं घ्यायचं होतं. मी नाही म्हटलं होतं का?”

“पितरांच्या नावाचं पाणी दत्तू पिणार?”

दारात यमुनाबाई उभ्या होत्या. जिना त्या कशा चढल्या, कुणाला कळले नाही. एका हातात माळ, दुसरा भिंतीवर.

“आत्या, तुम्ही कशाला वर…”

“संकल्प सोडून ठेवलेला करा होता तो. गुरुजी संध्याकाळी येऊन नेणार होते. आई-वडिलांच्या वाट्याचं पाणी दत्तू तोंडाला लावणार नव्हता. हे तुला ठाऊक होतं. लहानपणी त्या कऱ्यात बोट घातलंस म्हणून त्यानं दिवसभर तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आठवतं?” त्या थांबल्या. दम घेतला. “समोर पाणी, आणि तहानेनं मेला. वर तू होतास, पोरा. वर फ्रिज होता.”

वैशाखाची ती दुपार इतकी शांत झाली की बंद खिडकीबाहेरच्या कूलरमध्ये ठिबकणारा थेंब ऐकू येऊ लागला. टप… टप… सत्यम खाली वाकला आणि टीव्हीचे बटण बंद केले. मग भिंतीवरचा खटका बंद केला. मग पिन ओढून काढली आणि फरशीवर ठेवली.

चित्र राहिले.

संगणक बाजूला झाला होता. वायर बाजूला झाली होती. वीज बाजूला झाली होती. आता साखळीत एकच उरला होता, आणि तो सोफ्याची पाठ धरून उभा होता.

घड्याळात दोन वीस झाले. खाटेवरचा हात हलला. दुसरा हात चौकटीत आला. दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दिशेने जोडले गेले. मागे चेहरा अर्धवट दिसत होता. सुकलेले ओठ उघडत होते, मिटत होते, उघडत होते. शिव्या देणाऱ्याचा चेहरा तो नव्हता. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे पाहावे, तसे सर पाहत होते.

“बंद कर ते,” मंदार म्हणाला. “फोडून टाक. मी दुसरा घेईन. फोड!”

सत्यमने टेबलावरचा रिमोट उचलला. हलका होता, पोकळ. सेल नसलेला.

“सर काय म्हणतायत, ते ऐकूया,” तो म्हणाला. “आठ दिवस कुणी ऐकलेलं न्हाई.”

“नको… सत्यम, नको. हात जोडतो.”

सत्यमने त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले. मग पडद्यावरच्या हातांकडे पाहिले. त्या क्षणी त्याच्या मनात इतका संताप होता की त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने मनातल्या मनात विठ्ठलाचे नाव घेतले, आणि तेच बटण दाबले.

आडवी रेघ पुसली गेली.

आधी पंख्याची करकर आली. मग चादरीची सळसळ. मग, अगदी जवळून, खोलीतच कुणी बसून बोलावे तसा, आवाज आला.

“मंदार… थोडं पाणी दे रे, बाळा… सवड झाली की दे…”

यमुनाबाईंनी डोळे मिटले.

“मंदार… काम असेल तुला… एक घोटच…”

मंदार पुढे धावला. त्याने दोन्ही तळव्यांनी टीव्हीच्या खालची जाळी दाबून धरली. आवाज त्याच्या बोटांतून आला.

“राहू दे, बाळा. राहू दे.”

मग चित्र गेले. पडदा काळा झाला. मातीचा वासही गेला. सुटी पिन फरशीवर पडली होती.

मंदार वळला. त्याचे तोंड उघडले. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, चेहरा लाल झाला. तो ओरडत होता. पण हॉलमध्ये काही ऐकू आले नाही.

आपलेच कान गेले, असे सत्यमला वाटले. पण नाही. कूलरचा थेंब ऐकू येत होता. आत्याबाईंच्या माळेचा मणी मण्यावर आपटलेला ऐकू आला. मंदारने गळा धरला. पुन्हा ओरडला. काही नाही.

आणि मागून, बंद असलेल्या काळ्या टीव्हीतून, मंदारचा आवाज आला.

“आत्या… आत्या, मला कुणी ऐकतंय का?”

दुसऱ्या दिवशी पैठणला दहावा झाला. मंत्र मंदारच्या वतीने गुरुजींनी म्हटले. पिंड ठेवला आणि मागे सरेपर्यंत कावळा शिवला. कुणाला काही कबूल करावे लागले नाही. दत्तोपंतांचे मागणे उरलेच नव्हते. त्यांनी ते त्या दुपारीच सोडून दिले होते.

मंदारला तीन डॉक्टरांना दाखवले. गळा ठीक आहे, स्वरतंतू ठीक आहेत, कुठेही दोष नाही, असे तिघांनीही लिहून दिले. सत्यमने ते कागद वाचले आणि घडी करून परत दिले. त्याचीही तीच रीत होती. एकेक वस्तू बाजूला काढायची.

टीव्ही सांडू नावाच्या भंगारवाल्याने नेला आणि चौथ्या दिवशी हातगाडीवर घालून परत आणला. दारात उतरवला आणि म्हणाला, “ठेवा तुमचा. दुपारचा बोलतो.” अधिक काही बोलायला तो तयार नव्हता. तेव्हापासून टीव्ही वरच्या हॉलमध्ये गोधडीत गुंडाळून ठेवला आहे. वायर नाही, पिन नाही. वर कुणी राहत नाही.

मंदार आता खालच्या खोलीत राहतो, बापाची खाट होती तिथे. यमुनाबाई त्याला सोडून गेल्या नाहीत. स्वतःच्या हाताने घेतलेले पाणी मंदारच्या घशाखाली उतरत नाही, कुणीतरी द्यावे लागते. त्यांच्याने होईल तेवढे त्या करतात, पण दुपारी त्यांचा डोळा लागतो. सत्यम आठवड्यातून एकदा येतो. येताना भरलेला माठ आणतो. गिऱ्हाइकाला तो सगळी बटणे समजावून सांगतो. एक मात्र सांगत नाही.

मागच्या खेपेला तो दुपारी पोहोचला. दोन वीस झाले होते. जिन्यावरून, गोधडीच्या आतून आल्यासारखी, दबकी हाक खाली येत होती. “पाणी… कुणीतरी पाणी द्या…” आवाज मंदारचा होता. आणि खाली मंदार भिंतीला टेकून बसला होता, ओठ घट्ट मिटलेले.

सत्यमला पाहताच तो धडपडत उठला. बोलता येत नाही, तेव्हा त्याला दुसरे काही करता येत नाही. तहान लागली की तो समोरच्या माणसापुढे दोन्ही हात जोडतो, आणि त्या माणसाचे लक्ष जाईपर्यंत तसाच उभा राहतो.